घरचे भांडण, जगाची चावडी

९ ऑगस्ट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गवालिया टँकचे मैदान आणि 'चले जाव'ची घोषणा येते. धडगाव, अक्कलकुवा, जव्हार किंवा गडचिरोलीकडे मात्र गेली काही वर्षे या दिवशी ढोल वाजतात, मिरवणुका निघतात आणि चौकात 'जागतिक आदिवासी दिना'चे फलक लागतात. या दिवसाचा आपल्या ऑगस्ट क्रांतीशी काही संबंध नाही. ९ ऑगस्ट १९८२ रोजी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका लहानशा कार्यगटाची पहिली बैठक झाली. जगभरच्या आदिवासींच्या हक्कांचे काय चालले आहे याची वर्षातून एकदा विचारपूस करायची, एवढेच त्याचे काम होते. सदस्य अवघे पाच, आणि कोणाला आदेश देण्याचा अधिकार शून्य. तरी ही बैठक भरायला साठ वर्षे लागली. त्या साठ वर्षांचा हिशेब १९२३ पासून मांडावा लागतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात लेव्ही जनरल नावाचे एक शेतकरी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातून निघून अमेरिकेमार्गे जिनिव्हात पोचले. ते कायुगा जमातीचे होते आणि 'डेस्काहे' ही त्यांची वंशपरंपरागत सरदारकीची पदवी. इतिहासात ते याच नावाने ओळखले जातात. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांच्या हौडेनोशोनी संघाने त्यांना पाठवले होते. हातात पासपोर्ट होता, पण तो ना कॅनडाचा ना ब्रिटनचा. त्यांच्या परिषदेने स्वतःच काढलेला होता. याच पासपोर्टच्या बळावर ते दोन वर्षांपूर्वी लंडनला राजाकडे अर्ज घेऊन गेले होते. तिथून उत्तर आले की हा कॅनडाचा प्रश्न, कॅनडालाच विचारा.

तक्रार काय होती? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात या लोकांपैकी बऱ्याच जणांनी इंग्रजांची बाजू घेतली. इंग्रज हरले, यांची मूळ गावे गेली. त्याची भरपाई म्हणून १७८४ मध्ये गव्हर्नर हाल्डिमंड यांनी ग्रँड नदीच्या दोन्ही काठांनी सहा-सहा मैलांचा पट्टा त्यांच्या नावे केला. तो सुमारे साडेनऊ लाख एकर होता. पुढच्या शतकात विक्री, भाडेपट्टे, घुसखोरी आणि सरकारी हिकमतीत त्यातली पाच टक्केही जमीन उरली नाही. विक्रीचा पैसा सरकारने 'विश्वस्त' म्हणून स्वतःकडे ठेवला आणि त्याचा धड हिशेब कधी दिला नाही. कॅनडातल्या आदिवासींसाठीच्या १८७६ च्या इंडियन ॲक्टने तर या लोकांना सरकारचे पाल्यच करून टाकले. पण सहा राष्ट्रांचे म्हणणे सरळ होते. आम्ही ब्रिटिश राजाचे मित्र होतो, प्रजा कधीच नव्हतो.

दुसऱ्या बाजूला होते डंकन कॅम्पबेल स्कॉट, इंडियन खात्याचे सर्वोच्च अधिकारी. कवी म्हणूनही त्यांचे नाव होते. 'इंडियन प्रश्न' सुटण्याचा त्यांचा मार्ग म्हणजे इंडियन म्हणून वेगळा कोणी उरूच नये. १९२० च्या दुरुस्तीने सरकारला दोन हत्यारे मिळाली. आदिवासी मुलांना निवासी शाळांत सक्तीने पाठवता येऊ लागले, आणि एखाद्याची इच्छा असो नसो, त्याला 'नागरिक' करून त्याचा जमातीशी असलेला कायदेशीर संबंध तोडता येऊ लागला. डेस्काहेंनी याविरुद्ध उघड मोहीम उघडली. डिसेंबर १९२२ मध्ये बेकायदा दारूभट्ट्यांचे निमित्त सांगून घोडदळी पोलिसांनी त्यांच्या घरावर छापा घातला. डेस्काहे सीमा ओलांडून न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला, आपले वकील जॉर्ज डेकर यांच्याकडे गेले.

पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाची घटना डेकर यांनी बारकाईने वाचली होती. तिच्या १७ व्या कलमानुसार सदस्य राष्ट्र आणि बाहेरचे राष्ट्र यांच्यातला वाद संघापुढे आणता येत असे. पण आणायचा कोणाच्या हातून? सहा राष्ट्रांनी नेदरलँड्सला गाठले. सतराव्या शतकात हडसन नदीच्या काठी डच व्यापाऱ्यांशी त्यांचा स्नेहकरार झाला होता, आणि त्याची आठवण ते शिंपल्यांच्या मण्यांनी विणलेल्या एका पट्ट्यात जपत आले होते. पांढऱ्या भुईवर दोन जांभळ्या रेघा आहेत, एक डचांच्या जहाजाची आणि एक आपल्या होडीची. दोन्ही एकाच नदीतून शेजारी-शेजारी जातात आणि कोणी दुसऱ्याचे सुकाणू धरत नाही. डच सरकारने खरोखरच एप्रिल १९२३ मध्ये अर्ज राष्ट्रसंघाचे सरचिटणीस सर एरिक ड्रमंड यांच्याकडे पाठवून दिला. लंडन आणि ओटावा दोघेही चिडले, आणि डचांनी हळूच अंग काढून घेतले.

ऑगस्टमध्ये डेस्काहेंनी स्वतः निवेदन दिले. त्यातल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. स्वराज्याचा हक्क मान्य करा, आमच्यावरच्या आक्रमणाची भरपाई द्या, विश्वस्त निधीचा हिशेब द्या आणि कॅनडातून आम्हाला मोकळेपणाने जाऊ-येऊ द्या. सप्टेंबरमध्ये चार देशांनी हा विषय सभेपुढे घ्यावा असे सुचवले. ते देश होते आयर्लंड, एस्टोनिया, पनामा आणि इराण. हे चौघे कोण ते पाहिले की त्यांनी का ऐकले हे कळते. आयर्लंड त्याच महिन्यात राष्ट्रसंघात दाखल झाले होते, इंग्रजांच्या तावडीतून नुकतेच सुटून. एस्टोनियाच्या स्वातंत्र्यालाही पाचच वर्षे झाली होती. मोठ्या शेजाऱ्याने 'हे आमच्या घरातले आहे' म्हटले की काय होते, हे चौघांना अनुभवाने माहीत होते. ब्रिटिश मुत्सद्द्यांनी प्रत्येकाला गाठून समजावले की हा साम्राज्याच्या अंतर्गत कारभारातला हस्तक्षेप आहे. एकेक करून सगळे गप्प झाले. विषय कार्यक्रमपत्रिकेवर आलाच नाही.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या सभागृहाचे दार डेस्काहेंना बंद होते, तिथे पारतंत्र्यातल्या भारताला संस्थापक सदस्य म्हणून खुर्ची होती. त्या वर्षांत भारताच्या शिष्टमंडळात नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी, म्हणजे क्रिकेटवाले रणजी, बसत. इंग्रजांनी नेमलेले भारताचे प्रतिनिधी आत बसत होते आणि आपल्या लोकांनी निवडलेला प्रतिनिधी बाहेर उभा होता. साम्राज्य कोणाला 'राष्ट्र' म्हणायचे ते आपल्या सोयीने ठरवत असे.

डेस्काहे मात्र परतले नाहीत. वर्षाहून अधिक काळ ते जिनिव्हात राहिले. पारंपरिक पोशाख घालून गावोगावच्या सभागृहांत बोलले. स्विस लोकांनी गर्दी केली, टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्रांनी फोटो छापले. राष्ट्रसंघाच्या दारात याचा काडीइतका उपयोग झाला नाही. आणि इकडे घरी जे घडले ते अधिक भयंकर होते. ७ ऑक्टोबर १९२४ रोजी ओहस्वेकन गावातल्या परिषदगृहात सरकारी अधिकाऱ्याने फर्मान वाचून दाखवले की वंशपरंपरागत परिषद बरखास्त झाली, यापुढे निवडणुका होतील. पोलिसांनी परिषदेची कागदपत्रे आणि तिचे करार जपणारे मण्यांचे पट्टे ताब्यात घेतले. या फर्मानाला लोकशाहीचा मुलामा होता, पण त्याचा अर्थ नीट पाहायला हवा. हौडेनोशोनींमध्ये सरदार नेमण्याचा आणि त्याला पदावरून खाली ओढण्याचा अधिकार कुळातल्या ज्येष्ठ स्त्रियांचा होता. इंडियन ॲक्टने दिलेल्या निवडणुकीत स्त्रियांना मतच नव्हते, आणि ते मिळायला १९५१ साल उजाडले. त्या पहिल्या निवडणुकीला बहुतेक लोक फिरकलेही नाहीत.

खचलेल्या तब्येतीने डेस्काहे अमेरिकेला परत आले. मायदेशी जाण्याची सोय नव्हती. मार्च १९२५ मध्ये त्यांनी रॉचेस्टरच्या रेडिओवरून शेवटचे भाषण केले आणि जूनमध्ये सीमेच्या अलीकडे, टस्करोरा वसाहतीत, प्रमुख क्लिंटन रिकार्ड यांच्या घरी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास न्यूझीलंडचे माओरी धर्मनेते रताना वैतांगी कराराच्या भंगाची कैफियत घेऊन जिनिव्हात गेले होते. त्यांनाही कोणी आत घेतले नाही.

पुढची पन्नास वर्षे भराभर ओलांडता येतील, कारण त्यात आदिवासींसाठी फारसे काही घडले नाही. संयुक्त राष्ट्रसंघ आला, वसाहती स्वतंत्र झाल्या. पण स्वातंत्र्याचा हक्क समुद्रापलीकडच्या वसाहतींनाच, देशाच्या सीमेच्या आत असलेल्या जमातींना नाही, असा अर्थ रूढ झाला. त्यात नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांचाही वाटा होता. १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आदिवासींसाठी १०७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो पुढच्याच वर्षी मान्य केला. त्याचा सूर आदिवासींना हळूहळू मुख्य प्रवाहात विरघळवण्याचा होता, म्हणजे स्कॉट यांचेच धोरण सभ्य शब्दांत. त्याच्या अकराव्या कलमात मात्र एक ओळ अशी होती की परंपरेने कसत आलेल्या जमिनीवर आदिवासींची मालकी मानावी. ती ओळ पुढे सातपुड्यात उपयोगी पडणार होती.

सत्तरच्या दशकात वारे फिरले. अमेरिकेत १९७३ मध्ये वुंडेड नी गावाचा ताबा घेऊन आंदोलक ७१ दिवस ठाण मांडून बसले. पुढच्या वर्षी स्टँडिंग रॉक वसाहतीत आंतरराष्ट्रीय इंडियन करार परिषद स्थापन झाली. अमेरिकी न्यायालयांत करार चालत नसतील तर ते जगापुढे न्यायचे, हा तिचा हेतू. कॅनडात जॉर्ज मॅन्युएल यांनी १९७५ मध्ये जागतिक आदिवासी परिषद उभी केली. आणि सप्टेंबर १९७७ मध्ये, डेस्काहेंच्या खेपेनंतर चोपन्न वर्षांनी, जिनिव्हाच्या राष्ट्रप्रासादात अशासकीय संस्थांनी भरवलेल्या परिषदेला दोन्ही अमेरिका खंडांतून शंभराहून अधिक आदिवासी प्रतिनिधी आले. हौडेनोशोनी पुन्हा आपल्याच पासपोर्टवर आले होते, आणि या वेळी ते सभागृहात बसले. सरकारे कान देऊन ऐकत होती असे नाही. पण त्यांच्यासमोर बोलले गेले आणि ते लिहून घेतले गेले.

नुसते लिहून घेण्याने काय साधते, याचे उत्तर एका स्त्रीच्या अर्जात मिळते. सॅन्ड्रा लव्हलेस न्यू ब्रन्सविकमधल्या टोबिक वसाहतीतल्या मालिसीट जमातीच्या. त्यांनी बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले, ते मोडले, आणि मुलाला घेऊन त्या माहेरी परतल्या. कायदा म्हणाला, तुम्ही आता इंडियन नाही, इथे घर मिळणार नाही. पुरुषाने बाहेरची बायको केली तर त्याचे काही जात नसे, उलट ती बायको इंडियन होई. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात हा भेद चालवून घेतला होता, म्हणजे घरची दारे बंदच. कॅनडाने नुकताच नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला होता. त्याच्या आधारे लव्हलेस यांनी १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क समितीकडे अर्ज केला. टोबिकच्या बायका त्यावर विसंबून बसल्या नाहीत. १९७९ च्या जुलैमध्ये त्या मुलाबाळांसह मोर्चा घेऊन पायी ओटावाला गेल्या. जुलै १९८१ मध्ये समितीने सांगितले की आपल्या समाजात राहून आपली संस्कृती जगण्याचा त्यांचा हक्क कॅनडाने डावलला आहे. समितीकडे ना पोलीस ना तुरुंग. पण लोकशाहीचा डंका पिटणाऱ्या देशाची जगासमोर नाचक्की झाली. देशातली नवी हक्कांची सनदही पाठीशी होती, आणि १९८५ मध्ये कायदा बदलला. लव्हलेस पुढे कॅनडाच्या सिनेटमध्ये गेल्या.

१९८२ चा तो कार्यगट या वातावरणात जन्मला. मार्तिनेझ कोबो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड अभ्यासाचे काम १९७१ पासून चालू होते. त्यातला बराच भाग ग्वाटेमालाचे आउगुस्तो विलेमसेन दियास यांनी लिहिला आणि अशा कार्यगटाचा आग्रहही त्यांनीच धरला. नॉर्वेचे आस्ब्यॉर्न आइडे पहिले अध्यक्ष होते. १९८४ पासून ग्रीसच्या एरिका-आयरीन डाएस यांनी ही धुरा सतरा वर्षे वाहिली. संयुक्त राष्ट्रसंघात बोलायचे तर मान्यताप्राप्त संस्थेचा शिक्का लागतो. इथे त्या नियमाला फाटा देण्यात आला. कोणीही आदिवासी प्रतिनिधी यावा, नाव नोंदवावे, बोलावे. माझ्या मते कागदोपत्रीच्या सगळ्या ठरावांपेक्षा हा एक निर्णय मोठा. सुरुवातीला मोजकी माणसे येत, नव्वदच्या दशकाअखेर आकडा हजाराच्या घरात गेला. समोर सरकारी अधिकारी टिपणे घेत बसलेले असत, आणि काही बाबतींत त्यांना उत्तर देणे भाग पडे.

आता महाराष्ट्राकडे येतो. सरदार सरोवराखाली जाणाऱ्या २४५ गावांपैकी ३३ गावे महाराष्ट्रातली होती, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत. मणिबेली हे त्यातले पहिले. भिल्ल आणि पावरा कुटुंबे पिढ्यानपिढ्या ज्या डोंगरउतारावर मका, ज्वारी काढत होती ती जमीन सरकारदप्तरी जंगल होती, आणि कसणारे 'अतिक्रमणदार'. अतिक्रमणदाराला जमिनीची भरपाई कसली? जागतिक बँकेने १९८५ मध्ये प्रकल्पाला ४५ कोटी डॉलर कबूल केले होते. नर्मदा बचाव आंदोलनाच्या आणि परदेशातल्या संघटनांच्या रेट्यामुळे बँकेने १९९१ मध्ये आपल्या इतिहासात पहिल्यांदाच चालू प्रकल्पावर स्वतंत्र चौकशी नेमली. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, उपाध्यक्ष थॉमस बर्जर.

बर्जर यांचे नाव इथे यावे हा योगायोग नव्हे. कॅनडात निस्गा जमातीचा जमिनीचा खटला त्यांनीच लढवला होता. नंतर न्यायमूर्ती असताना मॅकेन्झी खोऱ्यातल्या गॅसवाहिनीची चौकशी करताना ते वस्ती-वस्तीवर जाऊन लोकांचे ऐकत फिरले होते. तीच रीत त्यांनी नर्मदाकाठी वापरली. जून १९९२ च्या अहवालात १०७ व्या कराराचे अकरावे कलम समोर ठेवले गेले. पिढ्यानपिढ्या कसणाऱ्याला अतिक्रमणदार म्हणता येत नाही, आणि सध्याच्या पद्धतीने पुनर्वसन शक्य नाही. बँकेने मागे सरून पुन्हा विचार करावा, हा निष्कर्ष निघाला. बँकेने काही अटी घालून काम पुढे रेटले. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज आपणहून सोडले. धरण थांबले नाही, मणिबेली बुडाले. पण त्याच वर्षी बँकेला तक्रारी ऐकणारे कायमचे निरीक्षण मंडळ नेमावे लागले. बँकेच्या पैशावरच्या प्रकल्पांनी बाधित झालेले लोक आज तिथे अर्ज करू शकतात, त्या मंडळामागे सातपुड्यातल्या गावांचा हात आहे. गावकऱ्यांना त्याचा काय लाभ झाला, हा प्रश्न कडू आहे आणि तो टाळू नये.

डाएस यांच्या कार्यगटाने हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा १९९३ मध्ये पुरा केला. मग सरकारांनी तो चौदा वर्षे चघळला. सगळ्यांत मोठी अडचण स्वयंनिर्णय या शब्दाची, आणि खरी अडचण जमिनीची. २००६ च्या फेब्रुवारीअखेर ग्रँड नदीकाठच्या कॅलेडोनिया गावात सहा राष्ट्रांच्या लोकांनी हाल्डिमंड पट्ट्यातल्या एका गृहप्रकल्पाचे काम अडवले. एप्रिलमध्ये पोलीस घुसले, पण लोक हटले नाहीत. जूनमध्ये जिनिव्हात मानवी हक्क परिषदेत जाहीरनामा मताला आला तेव्हा विरोधात दोनच हात वर झाले, रशियाचा आणि कॅनडाचा. १३ सप्टेंबर २००७ रोजी आमसभेत १४३ विरुद्ध ४ मतांनी तो मंजूर झाला, ११ देश तटस्थ राहिले. विरोधक चौघे म्हणजे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. भारताने बाजूने मत दिले, पण स्वातंत्र्याच्या वेळची सगळीच जनता इथली मूळ रहिवासी, ही आपली जुनी भूमिका सोडली नाही. त्यामुळे बाजूने मत द्यायला भारताला काही मोजावे लागले नाही.

२०१० पर्यंत चौघा विरोधकांनी आपला विरोध मागे घेतला. कॅनडाने २०२१ मध्ये जाहीरनाम्याच्या अंमलबजावणीचा कायदाही केला. मात्र सहा राष्ट्रांनी त्याच विश्वस्त निधीच्या हिशेबासाठी १९९५ मध्ये लावलेला दावा तेव्हाही न्यायालयात पडून होता. जाहीरनाम्याला न्यायालयात कराराचे बळ नाही, आणि देशाने बोलावल्याशिवाय संयुक्त राष्ट्रसंघाचा आदिवासी हक्कांसाठीचा विशेष प्रतिवेदक अधिकृत पाहणीला येऊ शकत नाही. तरीही सरकारे या यंत्रणेला घाबरत नाहीत असे कोणी समजू नये.

विशेष प्रतिवेदकाचे पद २००१ मध्ये मेक्सिकोचे रोदोल्फो स्टाव्हेनहागेन यांच्यापासून सुरू झाले. २०१४ मध्ये त्यावर फिलिपिन्सच्या व्हिक्टोरिया ताउली-कॉर्पुझ आल्या, कॉर्डिलेरा डोंगररांगेतल्या इगोरोट समाजाच्या. २०१८ च्या सुरुवातीला त्यांच्याच देशाच्या न्याय खात्याने सहाशेहून अधिक लोकांना दहशतवादी ठरवण्यासाठी न्यायालयात यादी दिली, आणि तीत त्यांचेही नाव घातले. जुलैमध्ये न्यायालयाने ते वगळायला लावले. सप्टेंबरमध्ये त्या जिनिव्हात मानवी हक्क परिषदेपुढे उभ्या राहिल्या. त्या वर्षीच्या त्यांच्या अहवालाचा विषय होता जमिनीसाठी बोलणाऱ्या आदिवासींना सरकारे गुन्हेगार कसे ठरवतात.